फुटाण्याची ऊब

"हललं का?" सुभद्रानं स्वयंपाकघरातून विचारलं.

देवमन गावंडे मागच्या खोलीत फरशीवर उकिडवा बसला होता. गेला अर्धा तास त्याची नजर काचेच्या पेटीवर होती आणि तेवढ्या वेळात पेटीतल्या प्राण्यानं एकदा पापणी मिटली होती आणि एकदा उघडली होती. याला हलणं म्हणायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"डोया मारला," तो म्हणाला.

"कोनाले? तुमाले?"

एरवी देवमननं याला शेरास सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज दिलं नाही, तेव्हा सुभद्रा पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. पेटीतल्या वाटीत कालची अळी अजून वळवळत होती. परवाचीही तिथंच होती. फुटाण्यानं जेवण सोडलं त्याला आज नववा दिवस होता.

फुटाणा म्हणजे त्यांच्या मुलीची, प्राजक्ताची, पाळलेली पाल. 'पाल' म्हटलं की प्राजक्ता रागवायची. ती त्याला लेपर्ड गेको म्हणायची. वीतभर लांब, पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, बोटभर जाड शेपटी आणि तोंडावर कायमचं हसू. भिंतीवर चढत नाही, चुकचुकत नाही आणि माणसासारख्या पापण्या मिटतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्राजक्ता पुण्याहून रेल्वेनं ही पेटी मांडीवर घेऊन आली, तेव्हा शेजारच्या इंदूबाई मुद्दाम पाहायला आल्या होत्या. पाल अंगावर पडली तर काय फळ मिळतं ते पंचांगात असतं. मांडीवर बसून अकोल्यापर्यंत आली तर काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं इंदूबाईंनी लांबूनच हात जोडले आणि चहा न घेता गेल्या.

प्राजक्ता पुण्यात माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कोइमतूरला पाठवलं आणि तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. तिनं पेटी पुढच्या खोलीत टेबलावर ठेवली, तारा जोडल्या आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्यापाशी ठेवाचं हाय. दुसऱ्या कोनाच्या भरोशावर नाई ठेवू शकत."

"ठेव तथी," एवढंच देवमन म्हणाला. पण त्याला आत कुठंतरी फार बरं वाटलं. त्याला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं प्राजक्तासाठी नांदगाव खंडेश्वरचं एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. दुमजली घर, काळीभोर ओलिताची जमीन आणि तीन खोल्यांत एसी. कूलरवाल्याची पोरगी एसीच्या घरात नांदणार, हे त्यानं डाबकी रोडवर चार जणांना सांगूनही टाकलं होतं. पोरीनं नाही म्हटलं आणि नोकरी धरून पुण्याला निघून गेली. भांडण मोठं झालं नाही. मोठं झालं असतं तर बरं झालं असतं, लवकर मिटलं असतं. तेव्हापासून ती दिवाळीला दोन दिवसांचे कपडे घेऊन यायची आणि जाताना सगळं घेऊन जायची. केसांची पिनसुद्धा घरी विसरायची नाही. आणि आता तिनं आपला जीव की प्राण असलेली वस्तू बापाच्या हवाली केली होती.

देवमन कूलर मिस्त्री. लोखंडी पत्र्याचे कूलर बनवायचे, जळक्या मोटारींत नवी तार भरायची, गवताच्या जाळ्या बदलायच्या, हे त्याचं चाळीस वर्षांचं काम. मे महिन्यात अकोल्यात डांबर वितळून चपलेला चिकटतं. त्या दिवसांत देवमनला रस्त्यानं चार पावलं सरळ चालता येत नाही, दर घरातून कुणीतरी हाक मारतं. गार हवा म्हणजे सुख आणि आपण ते सुख देणारे, यावर त्याचा अढळ विश्वास होता. आणि आमच्या वऱ्हाडाची रीत अशी की पाहुणा आला की आधी त्याला घरातली गार जागा द्यायची, मग पाणी, मग नाव-गाव विचारायचं.

देवमननं पाहुण्याच्या बाबतीत ही रीत चोख पाळली. प्राजक्ताची गाडी सुटली त्याच दुपारी त्यानं पेटी उचलून मागच्या खोलीत नेली. ही उत्तरेची खोली. खाली शहाबादी फरशी, ऊन कधी येत नाही. उन्हाळ्यात त्या फरशीवर झोपण्यावरून घरात नवराबायकोची भांडणं होतात. ती जागा त्यानं फुटाण्याला दिली. पेटीखाली वहीच्या पानाएवढी काळी, पातळ, विजेवर तापणारी चटई होती. ती त्यानं काढली, वायर नीट गुंडाळली आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवली. पोरीची महागाची वस्तू उगाच खराब कशाला करायची?

झाकणावर प्राजक्तानं कागद चिकटवला होता. उजवीकडच्या एक तृतीयांश भागाला खालून ऊब, बत्तीस अंश. डावी बाजू साधी. थर्मोस्टॅटशिवाय चटई लावायची नाही. देवमननं तो कागद वाचला, पण सरकारी पाटी वाचावी तसा. ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्खं अकोला थंड ठेवलं, त्याच्याकडं कुणी ऊब मागेल हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

डिसेंबर कसाबसा निघाला. फुटाणा संध्याकाळी बाहेर यायचा, एखाददुसरी अळी खायचा, आणि देवमन मोबाईलवर त्याचे फोटो काढायचा. वीस-पंचवीस तरी काढले असतील. मग जानेवारीत थंडी पडली. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायला लागलं आणि फुटाणा लाकडाच्या तुकड्यासारखा एका जागी बसला. बोटभर जाड शेपटी पेन्सिलीच्या वाटेला लागली.

प्राजक्ताचा फोन रोज यायचा. जेवला का, हा पहिला प्रश्न. जेवला, हे पहिलं उत्तर. मग ती फोटो मागायची आणि देवमन डिसेंबरच्या साठ्यातून एक पाठवायचा. तिकडून बदामाचं चिन्ह यायचं आणि देवमन मोबाईल उलटा करून ठेवायचा.

"सांगून टाका न तिले," सुभद्रा म्हणाली.

"तीन वर्सांत पयल्यांदा तिनं माह्या हातात काई देल्लं," देवमन पेटीकडं पाहत म्हणाला. "थेबी मी मारून टाकलं, असं सांगू?"

 ती हात धुवायला गेली.

त्या दुपारी देवमन जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर भले माणूस होते. एका म्हशीच्या पोटात हात घालून झाल्यावर त्यांनी मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि सरळ सांगितलं की या जातीचं आपल्याला फार कळत नाही. पण एक गोष्ट नक्की, हा थंड रक्ताचा जीव आहे. आपल्यासारखी त्याच्या अंगात शेगडी नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटात गेलेलं पचत नाही, आणि पचणार नाही हे त्याला कळतं म्हणून तो खात नाही. देवमनला आपण दिलेली गार फरशी डोळ्यांसमोर दिसली. पाहुण्याला त्यानं महिनाभर गारठवून शेवटी उपाशी मरायला बसवलं होतं, तेही मोठ्या मानानं.

घरी आला तो थेट कपाटाकडं. चटई काढली, पेटीखाली सारली आणि बटण दाबलं. ठरल्या आकड्यावर वीज तोडणारी थर्मोस्टॅटची डबी मात्र हातात घेऊन त्यानं परत ठेवली. ती डबी गिऱ्हाइकासाठी असते, मिस्त्रीला हात असतो. मोटार किती तापली हे तो तळव्यानं सांगायचा आणि आजवर कधी चुकला नव्हता. त्यानं पेटीत हात घातला, प्राजक्तानं अंथरलेल्या कागदावर तळवा टेकवला आणि म्हणाला, बरोबर हाय.

चाळीस वर्षं पत्र्याला डाख लावून आणि तो वाकवून त्या तळव्याची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तासाभरानं सुभद्रानं हाक मारली. फुटाणा पेटीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या वाटीत चढून बसला होता आणि तोंड उघडून धापा टाकत होता. त्याला हलकेच उचलून पाहिलं तर पोटाची कातडी लालसर झाली होती. देवमननं बटण बंद केलं. मग थंडी. मग चालू केलं. मग गरम. शेवटी तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. बिघडलेल्या वस्तूला हात लावायला तो आयुष्यात पहिल्यांदा भीत होता.

मग त्याला माणिकबाई आठवली. माणिकबाई म्हणजे त्याची मामेबहीण, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, परतवाड्याला राहणारी. भाजीचा छोटा मळा होता, पण खरा धंदा कोंबडीच्या पिल्लांचा. एक दिवसाची पिल्लं आणायची, तीन आठवडे उबेत वाढवायची आणि गावोगावच्या लोकांना द्यायची. देवमननं फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाल म्हटल्यावर तिकडून नुसतं हसूच ऐकू आलं. हसून झाल्यावर माणिकबाई म्हणाली, "ऊब फोनवर सांगता नाई येत रे. ये पाहाले."

सकाळची पहिली एसटी धरून देवमन निघाला. अकोटपर्यंत उभा, अंजनगावनंतर बसायला जागा. परतवाड्याला उतरला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि धारणीकडं जाणाऱ्या जीपवाल्यांनी त्याला दोनदा ओढून बसवायचा प्रयत्न केला. माणिकबाईच्या शेडमध्ये शिरला तसा चष्म्यावर वाफ धरली. जमिनीवर पत्र्याचं गोल कडं, वरून टांगलेलं टोपलीसारखं झाकण, त्यात दोन बल्ब आणि खाली दोनशे पिवळी पिल्लं.

"सांग, किती गरमी हाय?" माणिकबाईनं विचारलं.

देवमननं सवयीनं तळवा खाली केला. तिनं त्याचा हात धरून बाजूला केला.

"तुह्या हाताले कोन इचारते? तुले अंडं घालाचं हाय का?" ती म्हणाली. तिनं दोरी सैल करून झाकण खाली आणलं. थोड्या वेळानं पिल्लं मधून पांगली, कड्याच्या कडेला जाऊन बसली आणि चोची उघडून धापू लागली. मग तिनं झाकण खूप वर ओढलं. पिल्लं चिवचिवाट करत परत मधे धावली आणि एकमेकांच्या अंगावर चढून त्यांचा ढीग झाला. मग तिनं झाकण मधल्या गाठीवर आणलं. हळूहळू ढीग सुटला. काही पिल्लं बल्बखाली झोपली, काही दाणे टिपायला गेली, काही पाण्यापाशी, आणि दोन उगाच कड्याला चोच मारत हिंडत राहिली.

"थे पाह्य, खुटीले थर्मामीटर टांगून हाय. पाहाचं, नाई असं नाई. पन इचाराचं तं या पिल्लायले इचाराचं," माणिकबाई म्हणाली. "आन एक ध्यानात ठेव. पिल्लाले ऊब पायजे, तशी ऊब सोडून जाची जागाबी पायजे. निसती ऊब म्हनजे चूल हाय, देवमन."

देवमन बराच वेळ त्या कड्यापाशी बसून राहिला. प्राजक्तानं कागदावर लिहिलं होतं ते हेच होतं. उजवीकडं ऊब, डावीकडं साधं. कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि पोरगी नांदगावला नाही म्हणाली तेव्हा आपण तिला तीन खोल्यांतले एसी मोजून दाखवत होतो. तिला तिथं कसं वाटेल, हे एकदाही विचारलं नव्हतं. आपल्या अंगाला जे सुखाचं ते तिच्याही अंगाला सुखाचं असणार, असं धरून चाललो होतो. देवमनला वाईट वाटलं, आणि ते माणिकबाईला दिसलं असावं. तिनं त्याच्यासमोर भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली आणि घरी न्यायला पालकाच्या चार जुड्या पिशवीत कोंबल्या.

घरी आल्यावर मात्र मिस्त्री जागा झाला. एका भंगारातल्या कूलरचा लोखंडी घोडा, म्हणजे खालचा सांगाडा, कापून त्यानं पेटीसाठी बुटका स्टँड केला, म्हणजे फरशीचा गारठा लागायला नको. पेटी पुढच्या खोलीत परत आणली. तीन बाजूंनी थर्माकोल लावला. चटई उजवीकडच्या एक तृतीयांश भागाखाली, मोजून, अर्धा इंचही पुढं नाही. थर्मोस्टॅटची डबी खिळ्यावर टांगली आणि तिच्या वायरचं टोक तापणाऱ्या जागेवर कागदाखाली चिकटपट्टीनं बसवलं. लपायला जागा हवी म्हणून सुभद्राच्या फुटक्या माठाच्या दोन खापऱ्या घेतल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि एक उबेवर, एक दुसऱ्या टोकाला पालथी घातली. वीज गेली तर काय, हा प्रश्न सुभद्रानं काढला. मग काचेच्या बाटलीत गरम पाणी आणि तिला गुंडाळायला प्राजक्ताचं शाळेतलं निळं स्वेटर, अशी सोय झाली. सुभद्रानं ते स्वेटर अकरा वर्षं जपून ठेवलं होतं. तिनं ते पालीसाठी काढून दिलं आणि म्हणाली की कूलरवाल्याच्या घरात शेवटी हेच व्हायचं होतं.

डबीवर बत्तीस आकडा लावला. देवमननं या वेळी हात लावून पाहिला नाही. तो समोर बसला आणि पाहत राहिला.

पहिल्या दिवशी फुटाणा उबेच्या खापरीखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. देवमनला काळजी वाटली, पण त्यानं आकडा बदलला नाही. इतक्या दिवसांचा गारठा अंगातून निघायला वेळ लागणारच. तिसऱ्या दिवशी दुपारी फुटाणा दोन्ही खापऱ्यांच्या मधे पसरून पडलेला दिसला, पाय मागं सोडून, रविवारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा. देवमननं सुभद्राला खुणेनं बोलावलं. दोघं चोरासारखी उभी राहून पाहत होती. पोटाची लाली गेली होती.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला फुटाणा बाहेर आला, डाव्या टोकाला जाऊन पाणी चाटलं आणि मान वर करून काचेतून देवमनकडं पाहिलं. देवमननं चिमट्यात अळी धरून आत नेली.  फुटाण्याची शेपटी आधी हलली, टोकाशी, अगदी बारीक. मग त्यानं झेप घातली आणि अळी गेली. मग दुसरी. तिसरीला तो चिमटाच धरून बसला आणि सोडेना.

"खाल्ली व माय," देवमन म्हणाला. सुभद्रानं देवासमोरची साखर आणून त्याच्या हातावर ठेवली आणि मग आपल्याच तोंडात एक चिमूट टाकली. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्यानं नवा फोटो काढला आणि प्राजक्ताला पाठवला. तिकडून बदाम आला नाही. 'छान' एवढंच आलं.

फेब्रुवारी संपता संपता प्राजक्ता दोन दिवसांसाठी आली. चपला काढायच्या आधी पेटीपाशी गेली. स्टँड पाहिला, थर्माकोल पाहिला, खापऱ्या पाहिल्या. फुटाण्याला हातावर घेऊन त्याची शेपटी बोटांत धरून पाहिली. ती आधीसारखी झाली नव्हती, पण पेन्सिलही राहिली नव्हती. देवमन बाजूला उभा होता. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी मास्तरासमोर उभा राहायचा तसा.

"मधात यानं खानं सोडलं होतं," तो म्हणाला. "मी तुले खोटं सांगतलं."

"मले मालूम हाय."

"कसं?"

"फोटोत मागं कॅलेंडर दिसते, बाबा. जानेवारी सरत आला तरी तुमच्या घरी डिसेंबरच होता."

सुभद्रा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. देवमनला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानं विचारलं, "मंग बोलली काऊन नाई?"

प्राजक्तानं फुटाण्याला खापरीपाशी सोडलं. "बोलली असती तं तुमी माह्याशी भांडत बसले असते," ती म्हणाली. "नाई बोलली तं त्याच्याकडं पाहत बसले. बिघडलेली वस्तू तुमच्या हाती आली आन तुमी तशीच सोडून देल्ली, असं म्या लहानपनापासून पाह्यलं नाई." मग म्हणाली, "मले आठ दिवस जेवन गोड लागलं नाई, थे वेगळं."

देवमननं मान हलवली. 

जेवताना तिनं दुसरी गोष्ट सांगितली. कोइमतूरच्या लोकांनी तिला तिथंच कायम केलं होतं. पगार बरा, काम आवडीचं. दोन मुलींबरोबर खोली घेतली होती. पाच तारखेला हजर व्हायचं होतं. सुभद्राचा हात पोळीवर थांबला आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं. अकोल्याहून पुणं एका रात्रीचं होतं, हे गाव नकाशात पार खाली होतं. देवमनच्या तोंडाशी बरंच काही आलं. इतक्या दूर एकटी, आपली भाषा नाही, आपलं माणूस नाही. त्यानं वरणाचा एक भुरका घेतला.

"तथची हवा कशी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. ना लय गरम, ना लय थंड."

"तुले मानवली?"

प्राजक्तानं बापाकडं नीट पाहिलं. हा प्रश्न तिला या घरात पहिल्यांदा विचारला जात होता. "मानवली, बाबा," ती म्हणाली.

"मंग झालं," देवमन म्हणाला आणि भात वाढून घेतला.

फुटाण्याचा विषय दुसऱ्या दिवशी निघाला. घरमालकीण पाल म्हटल्यावर दारातही उभी करणार नाही, हे प्राजक्ताला माहीत होतं. शिवाय आता कुठं जेवायला लागलेल्या जिवाला पुन्हा हलवणं बरं नव्हे. "याले तुमच्यापाशीच राहू द्याचं मनात हाय," ती म्हणाली. "पन आधी एक सांगून ठेवलेलं बरं. नीट ठेवला तं हा पंधरा-वीस वर्सं जगू शकते. आताच दोन वर्साचा हाय."

देवमन त्रेसष्ट वर्षांचा होता. तो पेटीकडं पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा पाहून प्राजक्ताला वाटलं की आपण फार मोठं ओझं मागितलं. ती म्हणायला लागली की नाही जमलं तर पुण्यात एक मैत्रीण आहे, ती ठेवून घेईल.

"पुण्याची मैत्रीण कायले?" देवमन तिला मधेच तोडत म्हणाला. "याची ऊब मले समजली हाय आता."

"म्हनजे ऐंशीच्या पुढंपर्यंत तुमाले सुट्टी नाई," सुभद्रा आतून म्हणाली.

दोन तारखेच्या गाडीनं प्राजक्ता गेली. या वेळी ती जाताना बरंच काही मागं राहिलं होतं. टॉवेल, एक ओढणी, अळ्यांचा डबा आणि फुटाणा. देवमन स्टेशनवरून आला तेव्हा घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं. उन्हं तापायला लागली होती आणि दुकानावर दोन कूलर उतरून पडले होते. त्यानं पेटी पाहिली, पाणी बदललं, डबीवरचा आकडा पाहिला. बाहेर ऊन वाढेल तसं आता चटईचं काम कमी होणार होतं आणि गार खापरीचं वाढणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाकडं न वळता तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडं गेला. या डॉक्टरांनी त्याला मागच्या वर्षी रक्तदाब तपासायला दर महिन्याला यायला सांगितलं होतं आणि त्यानंतर तो रस्ता बदलून जायचा. बाकावर आठ माणसं होती. देवमन नववा बसला आणि नंबर येईपर्यंत उठला नाही.

काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं.

"होऊन काईच नाई राहिलं," देवमन म्हणाला. "पन मले आनखीन वीस वर्सं पायजेत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"पोरीचं जनावर हाय घरी. थे सोडून जाता नाई येत."

कसलं जनावर, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी यंत्राचा पट्टा उलगडला. देवमननं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.